उलट्या तापीचे मास्तर

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात लेखणी धरणारा मी पहिलाच. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी पाहिलेल्या एखाद्या माणसाबद्दल लिहून द्या, असं मराठीच्या प्राध्यापकांनी सांगितलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आपापले आजोबा निवडले. माझ्या आजोबांबद्दल मला फारसं ठाऊक नाही. गुरुजी म्हणाल तर एकच डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे की राग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. असं न ठरलेलं मन घेऊन कुणाबद्दल लिहू नये, एवढं मला कळतं. शिवाय ते अजून आहेत, देडतलाईला. जिवंत माणसाबद्दल लिहिताना हात आणखीच आखडतो.

आमच्या बऱ्हाणपूरची चांगल्या घरची दोन मुलं याच कॉलेजात आहेत. ती मास्तरांच्या वर्गात आत बसत, मी बाहेर व्हरांड्यात. त्यांनी लिहिलं असतं तर जास्त शोभलं असतं. मी त्यांना तसं म्हणूनही पाहिलं. ती हसली. "तो फेफऱ्या मास्तर? त्याच्यावर काय लिहायचं?"

त्यांना फेफरं येत नव्हतं. निदान एवढं सांगायला तरी मला लिहिलं पाहिजे.

ते आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. उंच, खांद्यात वाकलेले, एकटे. घाटाकडून कुठून तरी आलेले. बाकीच्या मास्तरांचे कपडे बसून बसून मागून मळत, यांचे पुढून मळत. कोटाची छाती, कोपरे, धोतराचे गुडघे कायम मातीचे. कारण ते जमिनीवर पालथे पडून बघत. शाळेच्या अंगणात, शनवाऱ्याच्या दरवाजापाशी, लालबागच्या रस्त्याला, जिथे मनात येईल तिथे. हनुवटी मातीला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि समोरचं गवत, दगड, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघत राहायचं.

"मोठी माणसं बाग वरून बघतात," ते म्हणत. "म्हणून त्यांच्या बागा सतरंजीसारख्या होतात. पोराचं डोकं केवढ्यावर असतं? तेवढ्यावरून बघा. मग कळेल झेंडूसुद्धा झाड असतं."

एकदा भर बाजारात ते असेच पडले होते. बाजूच्या मिठाईवाल्याने बघितलं आणि ओरडला, "अरे मास्टर को दौरा पड़ा! प्याज ला रे, प्याज!" बघता बघता गर्दी जमली. कुणी कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला, कुणी पायातला जोडा काढून हुंगवला. मास्तर उठले, कोट झटकला, तो कांदा खिशात टाकला आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणाले, "भाकरीबरोबर छान लागला. लोक उगाच नाव ठेवतात, आपलं गाव दिलदार आहे."

आम्ही खूप हसलो होतो. तो कांदा पुढे असा परत येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

बागा हे त्यांचं खूळ होतं. फक्त मुलांसाठीच्या बागा. ड्रॉइंगच्या तासाला फळ्यावर मडकं काढायचं, ते मडकं अर्धं काढून व्हायचं आणि मास्तर त्याच्या शेजारी वाटा आखू लागायचे. एक बाग आंबट खाण्याची: चिंच, कवठ, बोरं, अंबाडी, जमिनीलगत आंबुशी. तिथे कुणी "आधी धू" म्हणायचं नाही. एक बाग डोळे बांधून फिरण्याची: मरवा, दवणा, गवती चहा, सब्जा, वासावरून वाट ओळखायची. ही त्यांनी शाळेच्या मागच्या अंगणात खरोखरच लावली, आणि हेडमास्तरांचे डोळे बांधून त्यांना आत सोडलं. हेडमास्तर मरव्यावरून दवण्याकडे जायचे ते खताच्या खड्ड्यात गेले. ती बाग त्याच आठवड्यात उपटली गेली.

आणि एक बाग घाबरायची. लाजाळू, काटेरी निवडुंग, वाळक्या बांबूंचं बेट, एकदम वळणारी अरुंद वाट. "पोरांना घाबरायला एक जागा लागते," ते म्हणत. "नाही दिली तर ती माणसांना घाबरायला शिकतात." वर्गातली मुलं माना डोलवत. मी व्हरांड्यात बसून विचार करी, की आपल्याला घाबरायला जागा शोधावी लागत नाही, ही किती सोय आहे.

व्हरांड्याचं सांगायला हवं. आमची वस्ती म्हणजे महारवाडा. सरकारने आम्हांला शाळेत घ्यायला लावलं होतं, पण कुठे बसवायचं ते सांगितलं नव्हतं. म्हणून मी दाराबाहेर बसे. उत्तर द्यायचं तर ओरडून द्यावं लागे. फळा अर्धाच दिसे. मास्तरांनी मला कधी आत घेतलं नाही. त्यांना मी बाहेर आहे हे दिसलंच नसावं. पण कंटाळा आला की ते सगळा वर्गच अंगणात आणून पालथा पाडत, आणि मग सगळ्यांच्या हनुवट्या एकाच मातीत असत. माझ्या शाळेतले तेवढेच तास मला चांगले आठवतात.

त्या वर्षी नगरपालिकेला सरकारकडून मुलांच्या बागेसाठी मदत मिळाली. शनवाऱ्याबाहेर एक पडीक जागा होती. बादशाही काळच्या भूमिगत कुंड्यांमधलं जास्तीचं पाणी एका जुन्या नळातून तिथे येई आणि साचून राही. नगरपालिकेच्या कमिटीला वाटत होतं, चार झोपाळे बसवावे, मधे उद्घाटनाला येणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या नावाचा दगड. मास्तर न बोलावता बैठकीला गेले आणि टेबलावर खडूने तापी काढून आले. साहेबाला काहीतरी नवं दाखवावं असं कमिटीतल्या एका वकिलाच्या मनात होतं, त्यामुळे तापीची बाग मंजूर झाली.

ती बाग मी अजून डोळ्यांपुढे आणू शकतो. हातभर रुंद, चुन्याने लिंपलेला एक पाट, वळणं घेत जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथून नळाचं पाणी येत होतं ती बाजू उंच, पूर्वेची. तिथे दगडांचा छोटा डोंगर, म्हणजे मुलताई, तापीचा उगम. तिथून खाली देडतलाई, मग आमचं बऱ्हाणपूर, त्याला वितभर उंचीचा किल्ला. मग चांगदेव, तिथे डावीकडून पूर्णेचा छोटा पाट येऊन मिळे. मग भुसावळ, प्रकाशा, आणि शेवटी शहराच्या बाजूला एक उथळ टाकं, म्हणजे समुद्र, आणि त्याच्या काठी सुरत. प्रत्येक गावाच्या नावाचा दगड चुन्यात पक्का बसवलेला. काठाने त्या त्या मुलखातली झाडं, मुलांच्या उंचीची. उगमाशी साग आणि तेंदूची रोपं, मधे कापूस, समुद्राशी कुठून तरी आणलेली नारळाची दोन केविलवाणी रोपं. चालत गेलं तर एक मूल दोन गाणी म्हणेपर्यंत सगळी तापी संपे.

बागेला दोन फाटकं होती. एक सुरतेला, शहराकडचं. एक मुलताईला, आमच्या वस्तीकडचं. जागाच तशी होती.

प्रत्येक गावाला एक मूल उभं करायचं आणि उद्घाटनाला खंडव्याहून मोठे साहेब आले की पाणी सोडायचं, असं ठरलं. मास्तरांना मुलांची नावं कधी लक्षात राहत नसत. त्यांनी सगळ्यांना गावांच्याच नावाने हाका मारायला सुरुवात केली. हजेरीसुद्धा तशीच घेत. "प्रकाशा! आज पुन्हा उशीर?" "भुसावळ, नाक पूस." सुरत होता एका सेठचा नातू. सेठ कमिटीत होते, त्यांचा जरीचा धंदा होता आणि माल सुरतेला जाई, म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, "सूरत तो हमारी है."

मुलताई मी होतो.

मला का निवडलं ते मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "समुद्रापर्यंत ऐकू जाईल असा आवाज या एकट्याचाच आहे." तो आवाज व्हरांड्यात बसून झाला होता, हे त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी हवेत होतो. डोंगरावर उभं राहायचं, लाकडी फळी उचलायची, पाण्यात पाय ठेवायचा आणि म्हणायचं, "मी मुलताई. इथून निघाले." मग पाणी येईल तसं प्रत्येक गावाने आपलं नाव सांगायचं, ओंजळभर घ्यायचं आणि पुढे सोडून द्यायचं.

घरी मी ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की माय वैतागली.

"तू नदी व्हता का रे?" ती म्हणाली. "मी घागरभर पाण्यासाठी विहिरीपाशी उन्हात उभी रायते. कोनाले दया आली, त्यानं वरून वतलं, त मिळते. अन् माह्या पोटी नदी आली म्हने."

पण उद्घाटनासाठी तिने माझा सदरा आधीच धुऊन ठेवला होता.

रंगीत तालमीच्या दिवशी ऊन कडक होतं. मी फळी उचलली, पाण्यात उतरलो, ओरडलो. पाणी निघालं. देडतलाई, बऱ्हाणपूर, चांगदेव, एकेक आवाज लांब लांब जात गेला. मास्तर पाण्याच्या कडेने रांगत होते. रांगतच होते, खोटं सांगत नाही, आणि हसत होते. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. शेवटी पाणी सुरतेला पोहोचलं. सेठचा नातू कधीचा उन्हात उभा होता. त्याने ओंजळ भरली आणि सोडून देण्याऐवजी पिऊन टाकली.

"बरोबर!" मास्तर ओरडले. "समुद्र पितोच!"

झालं ते एवढंच. पोराला तहान लागली होती.

त्याने घरी जाऊन आजीला अभिमानाने सांगितलं, "मैंने पूरी तापी पी ली." आजीने विचारलं, पाणी कुणी दिलं? तो म्हणाला, प्रकाशाने. प्रकाशाला कुणी? भुसावळने. असं करत ती बाई मुलताईपर्यंत आली, आणि मुलताई कोण ते पोराला सांगता येईना. त्याला माझं नावच ठाऊक नव्हतं. म्हणे संध्याकाळपर्यंत त्या घरात चौकशी चालली होती. प्रकाशाला बोलावलं, भुसावळला बोलावलं. शेवटी चांगदेवच्या बहिणीने सांगितलं, "वो जो बाहर बैठता है." मग पोराला गोमूत्र पाजलं, पुन्हा पुन्हा आंघोळी घातल्या. त्याला ताप आला. तो तापही माझ्याच नावावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी बागेत आली. सेठ, वकीलसाहेब, हेडमास्तर. मी माझ्या डोंगरावर उभा होतो, सरावासाठी लवकर आलो होतो. त्यांनी मला पाहिलं. मी असल्यानसल्याने त्यांच्या बोलण्यात फरक पडला नाही.

"मास्टरजी," सेठ अगदी गोड आवाजात म्हणाले, "नदी आपकी बहुत बढ़िया है. बस जरा घुमा दो."

"घुमा दो म्हणजे?"

"पानी इधर से छोड़ो. हमारी तरफ से."

"समुद्रातून?" मास्तरांनी विचारलं.

वकीलसाहेब हसले. "अहो मास्तर, पोरांची बाग आहे, सर्व्हेचा नकाशा नव्हे. पाणी इकडून गेलं काय नि तिकडून आलं काय, पोरं खेळणारच."

"तापीचा उगम पूर्वेला आहे."

"आहे ना. आम्ही कुठं नाही म्हणतो? पण उगमाला कोण उभं आहे ते तरी बघाल की नाही?"

मास्तरांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी कोण, कुठे बसतो, हे त्यांच्या डोक्यात एकदम जुळताना मला दिसलं. आता मास्तर काय म्हणतात? जगात दुसरं काही नव्हतं त्या क्षणी.

ते म्हणाले, "एवढंच ना? मग पोरगं हलवा. दुसरं कुणी उभं करा. नदीला हात लावू नका."

असं म्हणताना त्यांना काही जड गेलं नाही. दगड चुकीच्या जागी लागला असेल तर हलवा म्हणतात, तसं म्हणाले.

वकीलसाहेबांनी मान हलवली. "एका दिवसाचा प्रश्न नाही, मास्तर. ते फाटक त्यांच्या बाजूला आहे. उद्यापासून त्यांची पोरं रोज येणार, पाय बुडवणार, आणि तेच पाणी खाली आपल्या मुलांकडे."

"तर मग ते फाटक बंद करा. भिंत घाला," मास्तर म्हणाले. आता ते चिडले होते. "काय हवं ते करा. पण पाणी डोंगराकडून समुद्राकडे जाईल. मी पोरांना खोटी नदी दाखवणार नाही."

"फाटक बंद करता येत नाही," हेडमास्तर हळूच म्हणाले. "बाग सर्वांसाठी असेल असं सरकारला कळवलंय. साहेब बघायला येणार."

मग सेठ म्हणाले, "तो फिर नदी ही घूमेगी."

मी डोंगरावरून उतरलो आणि आमच्या फाटकातून घरी गेलो. मायने विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "नदी फिरवून रायले." ती म्हणाली, "फिरू दे. आपल्याले काय?" आणि धुतलेला सदरा घडी करून पेटीत ठेवून दिला.

गवंडी लागले. नळ कुंपणाच्या कडेने फिरवून शहराच्या बाजूला नेला. तिकडे भराव घातला, इकडचा डोंगर उतरवला, पाटाचा उतार उलटा केला. मास्तर दोन दिवस पाटात आडवे पडून राहिले, तर मजुरांनी त्यांना उचलून बाजूला ठेवलं. दगडांवरची नावं मात्र कुणी बदलली नाहीत. बदलली असती तर निदान नदी मुलताईहून सुरतेला गेली असती. पण सेठला सुरत आपल्याच दारात हवी होती, आणि बाकीच्यांचं काम पाण्याच्या दिशेशी होतं. नावांकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून तापी सुरतेला उगवली आणि मुलताईला बुडाली.

उद्घाटनाच्या दिवशी आम्हांला आमच्या फाटकाबाहेर उभं केलं होतं. फाटक उघडं ठेवलं होतं, साहेबाला दिसावं म्हणून. सेठचा नातू जरीची टोपी घालून ओरडला, "मी सुरत. इथून निघाले." त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला नाही, ओठांवरून कळलं. पाणी निघालं. प्रकाशा, भुसावळ, चांगदेव. मुलताईला भुसावळचा धाकटा भाऊ उभा होता. साहेबाने काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. "बहोत अच्छा नदी," तो म्हणाला.

तेव्हा मास्तर मागच्या रांगेतून पुढे आले. काळा कोट धुतलेला, टोपी सरळ. ते मुलताईच्या दगडापाशी आले, साहेबाच्या बुटांशेजारी पालथे पडले, पाण्याला तोंड लावलं आणि थुंकले.

"खारट आहे!" ते ओरडले. "साहेब, खारट आहे! समुद्र डोंगर चढून आलाय!"

साहेब दचकून मागे सरला. आणि मग गर्दीतून कुणीतरी, कोण ते मला आजवर कळलेलं नाही, म्हणालं, "कांदा आणा! मास्तरांना फेफरं आलं!"

सगळ्यांनी ते किती पटकन उचललं! वकीलसाहेब इंग्रजीत साहेबाला समजावू लागले. सेठनी माणूस धाडला. कांदा आला, जोडा आला, चौघांनी मास्तरांचे हातपाय धरले. ते ओरडत राहिले, "मला काही झालेलं नाही! चाखून बघा!" जितकं ओरडत तितके लोक हळहळत. साहेबाने टोपी काढली. मला अजून आठवतं, त्या सगळ्या माणसांच्या चेहऱ्यावर खरोखरची दया होती.

फेफरं येणारा मास्तर वर्गात ठेवता येत नाही, असा नियम आहे म्हणे. हेडमास्तरांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांना निरोप दिला. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की मास्तर कशासाठी पालथे पडतात. पण दया एकदा करून बसलं की मागे घेता येत नसावी.

बागेचं म्हणाल तर ती चालली. उलट्या उतारामुळे शहराच्या मुलांनी खेळून झालेलं पाणी आमच्या फाटकाखालून बाहेर पडू लागलं. त्याला कुणाची हरकत नव्हती. मायने तिथे एक खळगा खणला. त्या पाण्यात भांडी होत, कपडे होत, उन्हात उभं राहणं कमी झालं. घागर कमरेवर घेऊन येताना ती मला चिडवायची, "घे, तुही नदी आली घरी." हेही लिहिलं पाहिजे. खोट्या नदीने आमचं भलं केलं, खरीने मला डोंगरावरून उतरवलं.

पुढे मॅट्रिकच्या वर्षी मी देडतलाईच्या बाजाराला गेलो होतो, बहिणीच्या सासरच्यांबरोबर. मास्तर बांगड्यांच्या दुकानाच्या सावलीत बसले होते. कुणा पाटलाच्या पोरांना शिकवून राहतात, असं ऐकलं होतं. कोट तोच. पण त्याची छाती स्वच्छ होती. ते आता पालथे पडत नव्हते.

मी समोर उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मुलताई ना तू?"

"हो, मास्तर."

"मोठा झालास. आवाज आहे का तसाच?"

मी त्यांच्या कोटाच्या छातीकडे बघत होतो. मग विचारलं, "इथं बाग नाही केली?"

"इथं पोरांना जंगल आहे. बाग कशाला हवी?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "नाही रे. जमत नाही आता. आखायला घेतली की वाटतं, कुणीतरी फिरवणार."

मला त्यांची कीव आली. पण मी कितीतरी वर्षं एक प्रश्न घेऊन फिरत होतो, आणि तो तिथे विचारला नसता तर कधीच विचारला नसता. मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी ते नुसतं पोरगं हलवण्यावर थांबले असते, तर तुम्ही मला हलवलं असतं?"

"असतं," ते लगेच म्हणाले. "पोरगं कुठंही उभं राहतं. उतार एकच असतो." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं. चाचरत म्हणाले, "तुला वाईट वाटलं होतं का रे?"

"माझा सदरा धुतलेला होता," मी म्हणालो.

ते मातीकडे बघत राहिले. "तुझं नाव काय? खरं नाव?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग मान हलवली. "राहणार नाही लक्षात. मुलताईच बरं."

बहिणीचे सासरे हाक मारत होते. मी मास्तरांच्या पाया पडलो नाही. नमस्कार केला आणि निघालो. या एकमेव माणसाने मला डोंगरावर उभं केलं होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. बाकीच्यांनी मला खाली काढलं ते मात्र माझ्याचसाठी होतं. यातलं कशाला काय म्हणायचं, हे मला शिकलेल्या माणसांनी सांगावं. मी अजून शिकतो आहे.

इथे मी लेख संपवणार होतो. काल मामा आला. तो चांदनी स्टेशनावर रेल्वेच्या गँगमध्ये आहे. पास मिळाला की मला बघायला येतो, मायने दिलेल्या भाकरी घेऊन. माझ्या खोलीच्या पायरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "तुहा मास्तर गेला. देडतलाईचा."

"कधी?"

"झाला महिना. ताप आला म्हने. तिथल्याच लोकायनं नेलं तापीवर." त्याने फडक्याने तोंड पुसलं. "पन गावानं मोठं केलं बरं त्याले. शाळेत सभा झाली. तो वकील लय बोलला. म्हने, असा मास्तर पुन्हा व्हनार नाही, समद्यायले सारखं मानत व्हता, तुह्याच पोराले उगमावर उभं केलं व्हतं. तुह्या मायकडे पाहून बोलला तो. ती बाहेर उभी व्हती ना, आयकत. बागेले नाव देलं त्याचं. मोठी पाटी लावली."

मी विचारलं, "आणि बाग?"

"नाव द्याचं म्हनून बाग नीट केली. मास्तरचीच इच्छा व्हती म्हने, त्यानंच सांगितलं व्हतं, आपल्याकडचं फाटक बंद करा. वकिलाले शब्द याद व्हते. घातली भिंत. चांगली पक्की, चुन्याची."

"सरकारनं चालू दिलं?"

"जुना साहेब गेला रे. नव्याले काय माहीत, तिथं फाटक व्हतं का नव्हतं."

"पाणी कुठून सोडतात?"

"सुरतेकूनच. तिकून येते अन् मुलताईले भिंतीशी थांबते. नुसता चिखल झाला तिथं." मामाने भाकरीचं गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "आपल्या खळग्यात आता थेंब नाही. तुही माय पुन्हा उन्हात उभी रायते."